प्रास्ताविकेतला देव मतदानात हरला म्हणे, मग घटनेत धर्म आला कुठून?

मुळामुठा

सोसायटीच्या ग्रुपवर २६ जानेवारीला जे सुरू झालंय ते अजून थांबायचं नाव घेत नाहीये. बी विंगच्या काकांनी घटनेच्या मूळ हस्तलिखिताचा फोटो टाकला, मूलभूत हक्कांच्या भागाच्या डोक्यावर राम सीता लक्ष्मणाचं चित्र आहे तो, आणि खाली लिहिलं बघा, आपली घटना आपल्या धर्मातूनच आलीय. त्यावर सी विंगमधला एकजण लगेच, काका सगळं १९३५ च्या ब्रिटिश कायद्यातून उचललंय, धर्माचा काय संबंध. मग तिसऱ्याने बाबासाहेब आणि बुद्ध आणले, चौथ्याने तुकोबा आणले आणि मध्ये कुणीतरी टाकलेला पाण्याच्या टँकरचा मेसेज त्यात वाहून गेला तो गेलाच.

मला खरंच जाणून घ्यायचंय, भांडायचं नाहीये. कुठेतरी वाचलं की प्रास्ताविकेत देवाचं नाव घालावं असा ठराव आला होता आणि तो चक्क मतदानात पडला. हे खरं आहे का? आणि तसं असेल तर धर्मातली मूल्यं घटनेत आली की नाही आली? आली असतील तर कोणत्या कलमात बोट ठेवून दाखवता येतील? 'आपली संस्कृतीच मुळात सर्वसमावेशक' टाइप उत्तरं ग्रुपवर भरपूर मिळालीत, ती इथे नकोत प्लीज.

काठावरचा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शंभरी नक्की.

ॲड. शलाका

ठराव नाही, दुरुस्ती होती, पण खरं आहे. १७ ऑक्टोबर १९४९, संविधान सभा. प्रास्ताविका सगळ्यात शेवटी चर्चेला घेतली होती आणि ह. वि. कामत उभे राहिले. आयसीएसची नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात आलेला माणूस, मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेला. म्हणणं एवढंच की सुरुवात 'ईश्वराच्या नावाने, आम्ही भारताचे लोक' अशी करा. आता गंमत बघा, विरोध करायला कोणी कट्टर नास्तिक उभे राहिले नाहीत. त्रावणकोरचे थाणू पिल्लै म्हणाले ही श्रद्धेची सक्ती झाली. पंडित हृदयनाथ कुंझरू म्हणाले इतक्या पवित्र विषयावर असं काही लादणं हीच संकुचित वृत्ती आहे. आसामच्या रोहिणीकुमार चौधरींनी वेगळाच मुद्दा काढला, आम्ही शक्तीचे उपासक, देवाचं नाव घेणार तर देवीचंही घ्या! पूर्णिमा बॅनर्जींनी कामतांना अक्षरशः विनवलं की देवावर मतदान करायची वेळ आमच्यावर आणू नका. कामत हटले नाहीत, मतविभागणी मागितली. बाजूने ४१, विरोधात ६८. देव पडला. कामत म्हणाले हा आपल्या इतिहासातला काळा दिवस.

म्हणून काकांना पहिली गोष्ट ही सांग की चित्र म्हणजे कलम नव्हे. नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांनी पानं सजवली, त्यात राम आहे, गीता सांगणारा कृष्ण आहे तसे बुद्ध, महावीर, अकबर, शिवाजी महाराज, गुरू गोविंदसिंग, टिपू आणि झाशीची राणीही आहेत. तो देशाच्या इतिहासाचा अल्बम आहे आणि सुंदर आहे, पण त्यातल्या एकाही चित्रावर सभेत मतदान झालं नाही आणि कुठलं कोर्ट चित्र बघून निकाल देत नाही.

पण सी विंगवालाही बरोबर नाही. कलमात बोट ठेवून मागितलंयस ना, तर ४८ काढ. गोहत्याबंदी. २४ नोव्हेंबर १९४८ ला पंडित ठाकूरदास भार्गवांनी हे आणलं. काही जणांना ते थेट मूलभूत हक्कात हवं होतं, शेवटी मार्गदर्शक तत्त्वांत बसवलं, म्हणजे सरकारने लक्षात ठेवायची पण सक्ती नसलेली धोरणं. आणि कलमाची भाषा वाच. सुरुवात कशाने होते, तर शेती आणि पशुसंवर्धन आधुनिक आणि शास्त्रीय पद्धतीने करावं याने! मग हळूच गायी वासरं दुभती आणि जुंपणीची जनावरं. मसुदा समितीत असलेले आसामचे सय्यद मुहम्मद सादुल्ला यांनी नेमकं हेच पकडलं. त्यांचं म्हणणं, ही तुमच्या धर्माची गोष्ट आहे असं सरळ सांगा, मी आड येणार नाही, दुसऱ्याच्या भावना कळतात मला, पण अर्थशास्त्राचं नाव करून मागच्या दाराने आणू नका. झेड. एच. लारींचाही सूर तोच, बहुसंख्यांना हवंय तर स्पष्ट लिहा म्हणजे आम्हाला आमचं स्थान कळेल. कोणी स्पष्ट लिहिलं नाही.

माझं मत विचारशील तर सगळ्या घटनेत हाच पॅटर्न आहे. धर्म स्वतःच्या नावाने दारात आला तेव्हा सभेने त्याला परत पाठवलं, आणि शेती, आरोग्य, समाजसुधारणा अशी कपडे बदलून आला तेव्हा आत घेतलं. चांगलं की वाईट ते ज्याने त्याने ठरवावं पण घडलं असं.

पायरीचा दगड

शलाकाताई, माहिती चोख पण 'कपडे बदलून आला' हे पटलं नाही. तुम्ही धर्म म्हणजे फक्त गाय आणि देवाचं नाव एवढंच धरताय. समता कुठून आली मग? आमच्याकडे ज्ञानोबा-चोखोबा-तुकोबांपासून सातशे वर्षं 'भेदाभेद भ्रम अमंगळ' चालू आहे. सतरावं कलम म्हणजे अस्पृश्यता नष्ट, हे संतांचंच काम कायद्याने पुरं केलं असं मी म्हणेन. फ्रान्सवरून यायची गरज नव्हती.

ॲड. शलाका

दगडराव, तुमच्या आयडीच्या पायरीवरच बोलू की. नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, देवळाच्या बाहेर. सातशे वर्षं अभंग आत गायले गेले आणि चोखोबांची माणसं बाहेर. संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारं कलम पहिल्यांदा मान्य केलं २९ एप्रिल १९४७ ला, दिल्लीत. आणि त्याच आठवड्यात, १ मेपासून, साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले कारण विठ्ठलाचं दार हरिजनांना बंद होतं. दहाएक दिवस बसले तेव्हा दार उघडायचं कबूल झालं. मुंबई प्रांताचा मंदिर प्रवेशाचा कायदाही त्याच वर्षीचा. त्याआधी १९३० पासून काही वर्षं नाशिकला काळारामाच्या दारात सत्याग्रह चालला होता, तिथे काय झालं ते सांगायला नको. मग अभंगाने दार उघडलं असतं तर कायदा कशाला लागला?

पुढे नोव्हेंबर ४८ मध्ये सतरावं कलम सभेत पास झालं तेव्हा सभागृहात 'महात्मा गांधी की जय' च्या घोषणा झाल्या. बाबासाहेबांच्या नावाने नाही झाल्या, हे पण लक्षात असू दे.

पायरीचा दगड

ताई, उपोषण करणारा माणूस कोण होता ते बघा ना. साने गुरुजी काही पक्षाचा जाहीरनामा घेऊन बसले नव्हते, विठ्ठल सगळ्यांचा आहे याच भाषेत बोलत होते. दार बंद ठेवणारे पण धर्मच सांगत होते आणि उघडा म्हणणारे पण. म्हणजे धर्मातलं मूल्य आणि धर्मातली रूढी यांचं भांडण होतं, आणि घटनेने त्यातल्या एकाची बाजू घेतली. मी एवढंच म्हणतोय. बाकी समाधी बाहेर आहे हे दर वारीला डोळ्यांनी बघतो, ते मला सांगू नका.

ॲड. शलाका

हे मान्य, आणि असं मांडलंत तर ते २५ व्या कलमात दिसतंसुद्धा. पहिल्या भागात धर्मस्वातंत्र्य, पण तेही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य यांच्या अधीन राहून, आणि लगेच पुढे राज्याला समाजसुधारणा करायची आणि हिंदूंची सार्वजनिक देवळं सगळ्या वर्गांना उघडी करायची मुभा. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने थोडं काढून घेतलं. त्याचं कारण बाबासाहेबांनी २ डिसेंबर १९४८ ला सांगितलंय, आपल्याकडे धर्माची कल्पना इतकी अफाट आहे की जन्मापासून मरणापर्यंत आयुष्याचा एक कोपरा सुटत नाही, तेव्हा वैयक्तिक कायदे, म्हणजे लग्न-वारशाचे वगैरे, सगळे धर्माच्या नावावर वाचवायचे ठरवलं तर सामाजिक बाबतीत कसलीच सुधारणा करता येणार नाही.

अवांतर: त्याच २५ मध्ये शिखांचं कृपाण नाव घेऊन आहे. आणि २९०-अ कुणाला माहितीये का? केरळने त्रावणकोरच्या देवस्वम निधीला दर वर्षी साडेशेहेचाळीस लाख आणि तामिळनाडूने तिकडच्या देवस्थान निधीला साडेतेरा लाख द्यायचे, घटनेतच लिहिलंय, आकड्यासकट. संस्थानं विलीन करतानाच्या कराराचं शेपूट आहे ते. निधर्मी घटनेत देवळांचा हप्ता.

भीमथडी

वर कोणीतरी 'फ्रान्सवरून' म्हणालं म्हणून लिहितोय नाहीतर नुसता वाचत होतो. ३ ऑक्टोबर १९५४ चं आकाशवाणीवरचं बाबासाहेबांचं भाषण काढून वाचा, अगदी छोटं आहे. स्वातंत्र्य समता बंधुता हे माझं तत्त्वज्ञान, पण ते मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलंय असं कोणी म्हणू नये, त्याची मुळं राज्यशास्त्रात नाहीत तर धर्मात आहेत, माझे गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून ते घेतलंय. इतकं स्पष्ट. आणि घटना मंजूर व्हायच्या आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात पण भिक्खू संघाचा दाखला आहे, बैठक व्यवस्था, ठराव, कोरम, व्हिप, मतमोजणी हे सगळं संघाला माहीत होतं, लोकशाही आपल्याला परकी नाही हा मुद्दा. बंधुता हा शब्द तर नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावात नव्हताच, मसुदा समितीने प्रास्ताविकेत नव्याने घातला. म्हणजे धर्माचं मूल्य आलं, पण ते बी विंगच्या काकांना अपेक्षित असलेल्या धर्मातून नाही आलं.

मिरजकर

भीमथडी, भाषण खरं आहे पण एक बारीक गोष्ट. ५४ च्या भाषणात ते 'माझं तत्त्वज्ञान' म्हणतायत, 'घटनेचं' नाही. आणि त्याच्या एकच वर्ष आधी, सप्टेंबर ५३ मध्ये राज्यसभेत चिडून म्हणाले होते की ही घटना जाळायला मी पहिला पुढे येईन. ५५ मध्ये त्याचं स्पष्टीकरण दिलं ते पण वाचण्यासारखं, देवासाठी देऊळ बांधलं पण देव बसवायच्या आधीच राक्षस आत शिरले तर देऊळ पाडण्यावाचून काय करणार. तेव्हा घटना म्हणजे बाबासाहेबांच्या धर्मविचाराची प्रत असं नाही म्हणता येत, तीनशेच्या आसपास लोक बसले होते तिथे, प्रत्येकाचं थोडं थोडं आहे आणि पूर्ण कोणाचंच नाही.

दुसरं, मुसलमान सभासद म्हणजे फक्त पर्सनल लॉ वाचवायला उठले असं चित्र रंगवलं जातं. २३ नोव्हेंबर ४८ ला समान नागरी कायद्यावर मद्रासच्या मोहम्मद इस्माईल वगैरेंनी विरोध केला हे खरंच. पण बेगम एजाज रसूल यांनी मुसलमानांसाठी राखीव जागाच नकोत असं ठामपणे सांगितलं होतं, स्वतःच्याच लोकांचा राग ओढवून. पुढे मे ४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा काढल्या गेल्या. हे ग्रुपवर कोणी फॉरवर्ड करत नाही, माझ्या ग्रुपवरही नाही, करमणूक कमी आहे ना त्यात.

आणि तुलना करायचीच तर शेजारी बघा. १२ मार्च १९४९, कराचीत पाकिस्तानच्या संविधान सभेत पंतप्रधान लियाकत अलींचा ठराव पास झाला, सार्वभौमत्व अल्लाचं, लोकांनी ते त्याने घालून दिलेल्या मर्यादेत वापरायचं. श्रीशचंद्र चट्टोपाध्याय आणि बाकीच्या हिंदू सभासदांच्या दुरुस्त्या एकेक करून फेटाळल्या. मुसलमान सभासदांपैकी विरोधात बोलले ते मियाँ इफ्तिखारुद्दीन. सात महिन्यांनी दिल्लीत कामतांच्या दुरुस्तीवर मतदान झालं. मला नेहमी वाटतं की त्या ६८ जणांपैकी निदान काहींच्या डोळ्यासमोर कराची असणार. पुरावा नाही, वाटतं.

लिफीकाठी

डब्लिनमधून. तुम्ही सगळे फ्रान्स आणि बुद्धावर भांडताय पण मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडच्या घटनेवरून घेतली हे शाळेत पाठ केलंय ना सगळ्यांनी, मग एक पायरी मागे जा की. आयर्लंडकडे ती कुठून आली? इथली १९३७ ची घटना उघडली तर पहिलीच ओळ 'परमपवित्र त्रित्वाच्या नावाने' अशी आहे. आणि सामाजिक धोरणाची तत्त्वं, म्हणजे संपत्ती थोड्यांच्या हातात एकवटू नये, दुबळ्यांना आधार द्यावा, ही बरीचशी कॅथलिक सामाजिक विचारातून आलेली, १८९१ आणि १९३१ ची पोपची जी पत्रकं होती त्यातून. इथले तेव्हाचे सरकारप्रमुख डी व्हॅलेरा मसुदा करत असताना जेझुइट पाद्री त्यांना टिपणं पाठवत होते. आपले घटना सल्लागार बी. एन. राव १९४७ च्या शेवटी इथे येऊन डी व्हॅलेरांना भेटले. म्हणजे संपत्ती एकवटू नये असं सांगणारं आपलं कलम ३९ वाचताना पोपचा हलका वास येतो. काकांना हे सांगा आणि बी विंगमध्ये काय होतं ते कळवा.

पण इथे राहून मला दिसतं ते असं की धर्म स्वतःच्या नावाने घटनेत लिहिला की तो काढायला पिढ्या जातात. चर्चचं 'विशेष स्थान' सार्वमत घेऊन काढलं १९७२ मध्ये. घटस्फोटावर घटनेतच बंदी होती, ती १९९५ ला उठली, तीही जेमतेम नऊ हजार मतांच्या फरकाने! गर्भपातबंदीची दुरुस्ती १९८३ ची, आणि ती गेली २०१८ ला. मधे २०१२ मध्ये आपल्या बेळगावची सविता हलप्पनवार गर्भपात नाकारल्यावर गॉलवेच्या हॉस्पिटलात वारली. तेव्हा इथल्या भारतीय बायका मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या, माझी बायको त्यात होती. २०१८ च्या मतदानाच्या वेळी डब्लिनमधल्या एका भिंतीवर तिचं मोठं चित्र होतं, लोक त्याला चिठ्ठ्या चिकटवून जात होते, बऱ्याच चिठ्ठ्यांवर फक्त 'सॉरी'. आणि बाईचं आयुष्य घरात असतं असं सांगणारं कलम अजून आहेच, मार्च २०२४ ला बदलायचा प्रयत्न झाला तो सार्वमतात आपटला. सरकारने शब्दच इतके गुळमुळीत केले होते की बदल हवा असणाऱ्यांनीही विरोधात मत दिलं.

म्हणून कामतांचे ४१ विरुद्ध ६८ हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पायरीचा दगड

डब्लिनकर, नुसत्या प्रास्ताविकेतल्या देवाच्या नावाने घटस्फोटावर बंदी आली असती असं नाही हो. तिकडे स्वतंत्र कलमं होती. उडी मोठी मारलीत.

लिफीकाठी

उडी नाही. प्रास्ताविकेतली ती ओळ इथल्या कोर्टांनी निकालात आधाराला घेतलीय, ८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांचा गुन्हा कायम ठेवला तेव्हा लोकांचा ख्रिस्ती पाया प्रास्ताविकेतूनच दाखवला. ओळ शोभेची म्हणून लिहितात आणि मग ती कामाला लागते.

फोंडेकर

समान नागरी कायदा आला म्हणून गोव्याचं नाव आता कोणीतरी घेणारच, त्याआधी मीच लिहितो. आमचा कायदा १८६७ चा पोर्तुगीज, लोक 'आदर्श, एकसारखा' म्हणून नाचवतात. पण त्यातही १८८० चा हुकूम आहे हिंदूंच्या चालीरीती सांभाळणारा, बायकोला ठराविक वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही तर नवऱ्याला दुसरं लग्न करायची वाट ठेवलेला. हल्ली वापरत नाही कोणी पण कागदावर आहे. आणि कॅथलिकांच्या लग्नात चर्चचा हात वेगळाच. पोर्तुगालने स्वतः तो कायदा १९६६ मध्ये बदलला, आम्ही जपून ठेवलाय. तेव्हा धर्म बाजूला काढून कायदा करणं बोलायला सोपं आहे बाबा.

ॲड. शलाका

फोंडेकर +१. मुंबईचं उदाहरण पण तसंच. १९४९ ला मुंबई राज्याने कुठल्याही जातीने किंवा जमातीने माणसाला वाळीत टाकायला बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरांच्या सय्यदनांनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असा तो कायदा रद्द केला, बहिष्काराचा अधिकार हा धर्माचा भाग म्हणून. एकटे सरन्यायाधीश सिन्हा विरोधात होते. मग राज्याने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा आणला आणि ६२ चा निकाल २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेला. २५ व्या कलमात एकमेकांच्या शेजारी ठेवलेल्या दोन गोष्टी, धर्माचं स्वातंत्र्य आणि सुधारणा, कोर्टात अजून एकमेकांचं मनगट पिरगाळतायत.

मुळामुठा

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. काकांना ४८ आणि सादुल्लांचं म्हणणं पाठवलं. त्यांचं उत्तर, 'म्हणजे आहेच की धर्म घटनेत, मी तेच म्हणत होतो'. सी विंगवाल्याला कामतांचं मतदान पाठवलं, तो म्हणतो 'म्हणजे नाहीये, मी तेच म्हणत होतो'. :(

शलाकाताई एक राहिलं, दारूबंदीचं कलम पण धर्मातूनच आलं का? ग्रुपवर ३१ डिसेंबरचा विषय अजून धुमसतोय म्हणून विचारतोय.

ॲड. शलाका

४७. गाईच्याच दिवशी, २४ नोव्हेंबर ४८. गांधीवादी आग्रह होता, आणि इथेही बाहेरून नाव सार्वजनिक आरोग्याचं, औषधापुरती सूट. कोल्हापूरच्या खर्डेकरांनी विरोध केला. जयपालसिंग मुंडा, १९२८ चे हॉकीचे कप्तान, म्हणाले आमच्या आदिवासींच्या पूजेला आणि भातलावणीला तांदळाची दारू लागते, तुम्ही आमच्या धर्मात हात घालताय. म्हणजे एकाच्या धर्मातलं पाप, दुसऱ्याच्या धर्मातला नैवेद्य. बाबासाहेबांनी उत्तर दिलं की हे फक्त मार्गदर्शक तत्त्व आहे, सक्ती नाही, आणि आदिवासी भागांसाठी वेगळी व्यवस्था आहेच.

३१ डिसेंबरचं मात्र सोसायटीच्या बायलॉजमध्ये बघ, घटनेत नाही सापडणार.